दीड हात जास्तीचं पाणी

पत्र आलं तेव्हा ऑक्ताव पेरिशों स्वयंपाकघरात कांद्याची पात निवडत बसला होता. सुट्टीवर आलेली पोरगी, एदविज, दारातच उभी राहून वाचायला लागली. वाचून संपलं तरी कागदावरची नजर काही हलेना, तेव्हाच म्हाताऱ्यानं ओळखलं.

"नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"कारण काय देतात?"

"अठराशे छप्पनच्या पुराची रेघ," एदविज म्हणाली. "तुमचा मळा रेघेच्या खाली येतो. लाल पट्टा. तिथं कोंबड्यांचं खुराडंसुद्धा उभं करायला परवानगी नाही म्हणे."

ऑक्तावच्या हातातली पात हातातच राहिली. "परत वाच," तो म्हणाला. तिनं परत वाचलं. दुसऱ्यांदाही तेच निघालं.

एदविज शेहेचाळीस वर्षांची. नांत शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नर्स. चोवीस वर्षं तिकडं काढली, नवरा केला, नवरा सोडला, आणि या मार्चमध्ये जेवताना भाकरीसारखा पाव मोडत सहज म्हणाली होती, "बाबा, मला परत यायचंय. तुमच्या मळ्यात दोन खोल्या बांधू का?" ऑक्तावनं नुसतं "बांध की" म्हटलं आणि मागच्या अंगणात जाऊन नाक शिंकरलं. बायको गेल्याला नऊ वर्षं झाली होती. एवढं चांगलं वाक्य त्या घरात नऊ वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

आता हे.

रोशव्हेर गाव म्हणजे लोआर नदीच्या धक्क्यावर बसलेली पांढऱ्या घरांची एक रांग, वर काळ्या पाटीच्या दगडाची छपरं, आणि त्या रांगेच्या टोकाला जुनं जकातघर. होड्यांची जकात तिथं भरायचे. जकातघराच्या कोपऱ्यात एक दगड आहे, त्यावर एक आडवी रेघ आणि खाली आकडा, १८५६. त्या सालच्या महापुराचं पाणी तिथवर चढलं होतं. नदीकाठच्या गावागावांत अशा रेघा आहेत, पण रोशव्हेरची सगळ्यांत उंच. चांगल्या उंच माणसाच्या डोक्यावरून जाते. दर जूनला मेयर स्टुलावर चढून तिच्यावर पेलाभर पांढरी वाइन ओतते. नवं जोडपं चर्चमधून निघालं की नवरा नवरीला उचलून धरतो आणि ती रेघेला हात लावते. मिठाईवाला मधोमध निळी रेघ काढलेला केक विकतो. पलीकडच्या काठावर सँ-मेदार म्हणून गाव आहे, त्यांची रेघ छातीला लागते. रोशव्हेरची माणसं त्यांना 'पाय ओले झालेले' म्हणतात.

आणि ही रेघ तिथं नदीनं चढवलेली नव्हती. ऑक्तावनं चढवली होती.

एकोणऐंशी सालची गोष्ट. जकातघराचा कोपरा ढासळायला आला होता. इथला पांढरा दगड मऊ, खडूसारखा, ओल लागली की आतून कुजतो. ऑक्ताव तेव्हा चौतीस वर्षांचा, गावातला सगळ्यांत चांगला गवंडी. त्यानं कोपरा उतरवला, दगडांना नंबर घातले, खालचे कुजलेले थर टाकून कठीण दगड बसवला. रेघेचा दगड परत चढवायची वेळ आली आणि तेव्हाचे मेयर, डॉक्टर व्होद्री, काठी टेकत आले. काठीनंच हवेत दाखवलं.

"पेरिशों, ही रेघ कुठं येणार?"

"जिथं होती तिथंच, डॉक्टरसाहेब. बरगडीला."

"बरगडीला कोण बघतंय? बाहेरगावचा माणूस येतो, बरगडीची रेघ बघतो आणि म्हणतो, बस, एवढंच? दोन थर वर घे."

"पण पाणी..."

"पाणी गेलं समुद्राला सव्वाशे वर्षांपूर्वी. ते काय तक्रार करायला येतंय?"

मजूर हसले. ऑक्तावही हसला. दोन थर म्हणजे दीड हात. दगड वर गेला, सांधा भरला, आणि सांधा इतका सुरेख बसला की कुणाला शंकासुद्धा आली नाही. त्या सुरेखपणाचा ऑक्तावला पुढं कितीतरी वर्षं अभिमान होता.

"मी जाऊन येतो," ऑक्ताव उठला.

"कुठं?"

"नगरपालिकेत. त्यांच्या मापात चूक आहे." एवढंच तो एदविजला म्हणाला. चूक कुणाची ते नाही म्हणाला.

मेयर म्हणजे तेसरोबाई. हिचा बाप ऑक्तावबरोबर पत्ते खेळायचा, म्हणून ती त्याला काकाच म्हणायची. टेबलावर रंगीत कागदांचा ढीग होता. दोन आठवड्यांनी पॅरिसची समिती येणार होती, 'वारसा नगर' हा किताब द्यायचा की नाही ते ठरवायला.

ऑक्तावनं टोपी मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, काठी, दोन थर. बाई आधी हसली. मग तिनं दार लावून घेतलं.

"काका, ज्याचा ज्याचा तुकडा लाल पट्ट्यात आहे तो माझ्याकडं एकेक गोष्ट घेऊन येतो. गेल्या महिन्यात एक म्हणाला, माझ्या आजोबांना पोहता येत होतं म्हणून पूर धरू नका."

"मी गोष्ट सांगत नाही, पोरी. दगड उतरव. खालच्या अंगाला माझी खूण आहे, साल आहे, आणि जुना थर नंबर आहे. सात नंबर. आत्ता तो नवव्या थरात बसलाय. मोजून घे."

"उतरव म्हणे! ती इमारत सरकारी संरक्षणात आहे. तिथला खिळा काढायला दोन वर्षं अर्ज फिरतो. आणि अर्जात काय लिहू? आमच्या गवंड्यानं संरक्षित वास्तूत खोटेपणा केला, म्हणून?"

"लिही. खरंच आहे ते."

"साक्षीदार कोण?"

डॉक्टर मेले होते. दोन्ही मजूर मेले होते.

"घरी जा, काका," बाई मऊ आवाजात म्हणाली. तो मऊपणा ऑक्तावला शिवीसारखा लागला. "एदविजला सांगा, वरच्या आळीत भाड्यानं चांगली घरं मिळतात."

धक्क्यावर येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या काळी धक्क्यावरच्या प्रत्येक घरात आतल्या बाजूलाही रेघ होती. पूर ओसरला की घरमालक खिळ्यानं ओरखडा काढायचा. पुढं लोकांना भिंती गुळगुळीत हव्याशा वाटायला लागल्या आणि त्या सगळ्या रेघा सिमेंटच्या गिलाव्याखाली गेल्या. गिलावा करणारा हात कुणाचा? ऑक्तावचाच. एक रेघ तर त्याला तळहातासारखी आठवत होती, बाझिलच्या स्वयंपाकघरातली. बाझिलची आई शेजारी उभी राहून म्हणाली होती, झाकून टाक बाबा, बघितलं की छातीत धस्स होतं.

बाझिल म्हणजे साठ वर्षांचा दोस्त. त्याची धक्क्यावर खानावळ, नाव 'महापूर'. आता पोरगा आणि सून चालवतात, बाझिल गल्ल्यामागं बसून गिऱ्हाइकांना चिडवतो.

"या, नगरपालिकेला हलवून आलात म्हणे!" ऑक्तावला बघताच तो ओरडला. गावात बातमी माणसाच्या आधी पोचते. "अरे, चर्चचं घड्याळ सात मिनिटं मागं आहे, तेही तूच केलंस का रे?"

कोपऱ्यातले दोघंतिघं खिदळले.

"तुझ्या स्वयंपाकघराची भिंत फोडायचीय," ऑक्ताव म्हणाला.

"कोणती?"

"चुलीजवळची. तुझ्या आईनं बुजवायला लावलेली रेघ आहे खाली."

"फोड की. नाहीतरी तिला ओल आलीय, सून रोज डोकं खाते. पण घाण तूच काढायचीस."

दुपारी गिऱ्हाईक निघून गेल्यावर ऑक्ताव छिन्नी-हातोडी घेऊन आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात, पण छिन्नी अजून नेमकी बसायची. आपलाच गिलावा, किती जाड घातलाय ते त्याला माहीत होतं. ढलप्या पडत गेल्या. खाली पांढरा दगड निघाला, आणि दगडावर वाकडातिकडा ओरखडा. ३ जून १८५६. बाझिलच्या पणजोबानं कोरलेला, तीनचा आकडा उलटा.

ऑक्ताव भिंतीला लागून उभा राहिला. रेघ त्याच्या बरगडीला लागली.

खानावळीची फरशी आणि जकातघराचा धक्का एकाच पातळीत आहेत, हे बाझिलला कुणी समजावून सांगायला नको होतं. मग त्यानं दोन पेले भरले.

"म्हणजे खरंच रे," तो म्हणाला.

"मग मी काय सकाळपासून भुंकत होतो?"

"आणि आपण त्या सँ-मेदारवाल्यांना चाळीस वर्षं..."

"एकच पाणी होतं, बाझिल. नदी एकच आहे."

दोघं हसले. ऑक्ताव तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. हत्यारं तिथंच ठेवून तो घराकडं निघाला तेव्हा त्याला पाय हलके वाटत होते. उद्या सकाळी एदविजला आणायचं, तिला दाखवायचं, मग तेसरोबाईला हाताला धरून आणायचं.

सकाळी दहाला तो पोरीला घेऊन गेला. बाझिल गल्ल्यामागं नव्हता. स्वयंपाकघरात एका खुर्चीवर बसला होता, अंगावर पांढरी पूड. भिंतीतला तो दगड दोन बोटं खोल तासून काढलेला. तारीख नाही, रेघ नाही. कुणीतरी गालाचं मांस काढून घ्यावं तसा खड्डा.

ऑक्तावनं भिंतीला हात लावला. मग बाझिलकडं बघितलं.

"छिन्नी कुणाची वापरलीस?"

"तुझीच. इथंच विसरला होतास."

"साठ वर्षं, बाझिल."

"मला काय साठ वर्षं सांगतोस!" बाझिल खुर्चीतून उठला, त्याचा आवाज फाटला. "माझं पोरगं त्या रेघेवर जगतं. खानावळीचं नाव काय? बाटलीवर चित्र कशाचं? उन्हाळ्यात ही माणसं काय माझं थोबाड बघायला येतात? तू डॉक्टरासाठी केलंस, मी माझ्या पोरासाठी केलं. फिट्टंफाट झाली."

"माझीही पोरगी आहे."

"मग ते दगड चढवताना बघायचं होतंस."

एदविजनं सगळं ऐकलं. "फोटो काढला होतात, बाबा?" तिनं विचारलं.

"डोळ्यांनी बघितलं ना."

दोघं धक्क्यावरून चालायला लागली. नदीत वाळूचे पट्टे उघडे पडले होते, त्यावर बगळे उभे. एदविज भरभर चालत होती आणि म्हाताऱ्याला मागं पडायला होत होतं. पाण्याकडं उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी ती थांबली.

"तो डॉक्टरासाठी म्हणाला ते काय?"

मग ऑक्तावनं तिलाही सांगितलं. पहिल्यांदाच. ती ऐकत गेली.

"हा लाल पट्टा आखला कधी?"

"दोन हजार एक साली."

"मापं घ्यायला माणसं आली होती?"

"आली होती. तिपाईवर यंत्र लावून मोजत होती."

"आणि तुम्ही?"

"मी तिथंच होतो." ऑक्तावनं टोपी काढली, परत घातली. "त्यांना उन्हाचं काहीतरी प्यायला दिलं."

"आणि बोलला नाहीत."

"जीभ उचलेना, पोरी. ते म्हणाले, काय सांधा आहे, चाकूचं पातंसुद्धा जायचं नाही. मग मी कसं म्हणू की खोटा आहे?"

एदविज पायरीवर बसली. "दोन हजार तीनला गोइए लोकांचं घर जळालं," ती म्हणाली, "ओदिलचं घर. माझी मैत्रीण. त्यांना परत बांधू दिलं नाही, लाल पट्टा म्हणून. माणसं ल माँ शहरात गेली, भाड्याच्या दोन खोल्यांत. तिचा बाप तुमच्याबरोबर छपरं घालायचा. तिथंच मेला तो."

"माहितीय."

"त्याच्या मयताला तुम्ही हार घेऊन गेला होतात, बाबा. मोठा. मला फोन करून सांगितलं होतंत, केवढा मोठा ते."

ऑक्ताव तिच्या पुढून एक पायरी खाली उतरला.

"माझं घर अडलं नसतं तर हे तुम्ही कुणाला सांगितलं असतं का कधी?"

ऑक्ताव पाण्याकडं बघत राहिला, आणि पोरीला तेवढं पुरलं.

शेवटी तीच म्हणाली, "समिती येईल त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा. माझ्या घरासाठी नको, ते गेलं खड्ड्यात. ओदिलच्या बापासाठी सांगा. मी येईन त्या दिवशी, सुट्टी काढून."

तो दिवस ऊन छान होतं. धक्क्यावर निशाणं, लांब टेबलं, तळलेली छोटी मासोळी, पांढरी वाइन. पॅरिसहून तिघं आले होते. त्यांतली गोल चष्म्याची एक बाई सारखी वहीत लिहीत होती. अख्खं गाव जमलं होतं. एदविज मागं झाडाखाली हाताची घडी घालून उभी होती.

तेसरोबाईचं भाषण झालं. मग जकातघर वाचवणाऱ्या जुन्या गवंड्यानं दोन शब्द बोलावेत असं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलंच होतं, ते आता खोडता येत नव्हतं. बाईनं माईक देताना ऑक्तावचा दंड हळूच दाबला. "थोडक्यात, काका."

ऑक्ताव रेघेखाली उभा राहिला. "मंडळी, ही रेघ खोटी आहे," तो म्हणाला.

चष्म्याच्या बाईनं मान वर केली. आणि तेवढं एक वाक्य बोलून, गोइए कुटुंबाचं नाव घेऊन ऑक्ताव खाली बसला असता तर कदाचित काही झालंही असतं. पण त्याची खोड आडवी आली. जन्मभर हा माणूस खानावळीत, परांचीवर, शेकोटीशी गोष्टी सांगत आलेला. सुरुवात केली की डॉक्टर आपोआप तोंडातून बोलायला लागायचे. तो काठी टेकायची नक्कल करत दोन पावलं चालला. "पेरिशों, ही रेघ कुठं येणार?" त्या नाकातल्या आवाजात, हुबेहूब. ज्यांनी डॉक्टरांना बघितलं होतं ती म्हातारी माणसं फुटलीच. "पाणी गेलं समुद्राला, ते काय तक्रार करायला येतंय?" आता सगळा धक्का हसला. समितीतला एक जण चष्मा काढून डोळे पुसायला लागला.

ऑक्तावला कळलं की घसरतंय. "हसू नका," तो ओरडला, "हे खरं आहे!" तर लोक आणखी हसले, कारण चांगला सांगणारा नेहमी हेच म्हणतो. "गोइएंचं घर..." तो म्हणाला, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. सगळ्यांत जोरात बाझिल वाजवत होता, खाली मान घालून.

तेसरोबाईनं माईक काढून घेतला. "हे आमचे ऑक्तावकाका! दर वर्षी नवी गोष्ट. नदीकाठचा माणूस आहे, पाण्याचं माप वाढवूनच सांगणार!"

चष्म्याची बाई पुढं झुकली. "अशा तोंडी कथा गावात अजून जिवंत आहेत?" तिनं विचारलं. तेसरोबाई म्हणाली, भरपूर. चष्मेवालीनं वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. किताब मिळाला तो तेव्हाच, असं नंतर सगळे म्हणत होते.

ऑक्ताव गर्दीतून वाट काढत झाडाशी पोचला. एदविज गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होती.

"मी सांगितलं," तो म्हणाला. "तू ऐकलंस ना? सांगितलं मी."

"ऐकलं."

"त्यांनी हसण्यावारी नेलं."

"तुम्ही हसवलंत, बाबा." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. तिनं त्याच्या कोटावरचं कसलंसं कुसळ झटकलं. "मी नांतलाच घर बघते. उद्या सकाळची ड्युटी आहे."

"जेवून तरी जा. मासे आहेत."

"नको."

गाडी पुलावर चढेपर्यंत तो बघत राहिला. पुलावरून पलीकडं सँ-मेदारच्या बाजूला गेली आणि झाडीत दिसेनाशी झाली. तो टेबलापाशी येऊन बसला. कुणीतरी त्याच्यापुढं पेला ठेवला, कुणीतरी पाठीवर थाप मारली. सँ-मेदारहून आलेला एक जण म्हणाला, "आजोबा, आमच्या गावातही या की एकदा, आमच्या रेघेवर काहीतरी रचून द्या."

मग नगरपालिकेतली सांस्कृतिक कामं बघणारी तरुण बाई शोधत आली, हातात कागद घेऊन. पुढच्या जूनपासून दर वर्षी हे ठेवायचं ठरतंय म्हणाली. दहा मिनिटं, इथंच, रेघेखाली. डॉक्टरांचा भाग थोडा वाढवला तरी चालेल.

"आणि गोइएंचं?" ऑक्तावनं विचारलं.

"कोण गोइए?" ती म्हणाली. "तो शेवटचा भाग ना? तो गाळू या. बाहेरच्यांना समजत नाही."

ऑक्तावनं पेल्यातली वाइन बघितली. समोर जकातघराच्या भिंतीपाशी एक जण आपल्या बायकोला उचलून धरत होता, ती हात उंच करून हसत होती, आणि तिसरा फोटो काढत होता.

"किती वाजता यायचं?" ऑक्ताव म्हणाला.